मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग शिकायचं कसं? सुरुवात एका साध्या विधानापासून

प्रश्न असा आहे: मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची, म्हणजे बदलाची कारणं रुग्णाच्याच तोंडून बाहेर आणणाऱ्या संवादपद्धतीची, दोन दिवसांची कार्यशाळा झाली. खुले प्रश्न, दाद, रिफ्लेक्शन (समोरच्याचं म्हणणं विधानाच्या रूपात परत मांडणं), सारांश ही चौकडी पाठ आहे. पण रुग्ण समोर बसून "गोळ्या कधी कधी राहतात" म्हणाला, की पाचव्या मिनिटाला आपण पुन्हा समजावून सांगायला लागतो. मग हे मुळातून शिकायचं कसं? आणि दहा मिनिटांच्या भेटीत ते खरंच करता येतं का?

करता येतं. मात्र त्यासाठी ती चौकडी थोडे दिवस बाजूला ठेवावी लागते. मी बरीच वर्षं व्यसनमुक्ती आणि दीर्घ आजारांच्या रुग्णांबरोबर ही पद्धत वापरते आहे, नव्या समुपदेशकांना आणि परिचारिकांना शिकवतेही. कार्यशाळेतून बाहेर पडलेले बहुतेक जण तुम्ही अडलात तिथेच अडतात. आळस किंवा अज्ञान हे त्याचं कारण नसतं. त्यांना रुग्णाची मनापासून काळजी असते, आणि नेमकी तीच काळजी बोलायची घाई करते.

या घाईला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगमध्ये, म्हणजे एमआयमध्ये, 'राइटिंग रिफ्लेक्स', म्हणजे चुकलेलं सरळ करण्याची ऊर्मी, असं नाव आहे. समोरचा चुकतोय असं दिसलं की ते सरळ करायला आपला हात आपोआप पुढे जातो. मूल जिन्याच्या कडेला गेलं की जसा जातो, तसाच. अपघातात, तापात, रक्तस्रावात हा हात उपयोगी असतो. पण सिगारेट, दारू, वजन, इन्सुलिन, व्यायाम अशा गोष्टींमध्ये माणूस अजाण नसतो, दोन मनांचा असतो. 'सुटली पाहिजे' आणि 'सुटत नाही' ही दोन्ही वाक्यं त्याच्या आत आधीपासून असतात. मी त्यातलं पहिलं उचललं की त्याच्याकडे बोलायला दुसरंच उरतं. तो ते बोलतो, मी आणखी जोरात माझं बोलते, तो आणखी जोरात त्याचं. भेट संपते तेव्हा त्याने न बदलण्याची सगळी कारणं स्वतःच्या तोंडाने घोटलेली असतात.

माणूस स्वतःचं बोलणं ऐकून स्वतःचं मत ठरवतो, हा मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांचा सिद्धांत. एमआयचा एक मोठा खांब त्यावर उभा आहे. दुसरा खांब मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा: अचूक समजून घेणं, आणि ते समजल्याचं बोलून दाखवणं. या दोन्हींचा व्यवहारातला अर्थ एकच निघतो. बदलाच्या बाजूचं बोलणं रुग्णाच्या तोंडून यायला हवं आणि आपण ते ऐकायला हवं. एरवी आपण नेमकं उलटं करत असतो. १९९३ साली एमआयचे जनक विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूच्या रुग्णांच्या भेटींची रेकॉर्डिंग तपासली होती. समुपदेशकाने जितकं जास्त खडसावलं, तितकी त्या रुग्णाची दारू वर्षभरानंतर जास्त असलेली दिसली. नव्या गटाला मी हे पहिल्याच तासाला सांगते, कारण 'थोडं कडक बोललं तर ऐकतील' ही समजूत आपल्या पेशात फार खोल रुजलेली आहे.

आता हे जवळून पाहू. पुढचे दोन्ही संवाद अनेक भेटींतून जुळवलेले आहेत. रुग्ण मध्यमवयीन गृहस्थ, गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नाही, डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवलंय.

"काका, साखर बघा किती वाढलीय. आता इन्सुलिन सुरू करायलाच हवं."
"हो, पण एकदा सुरू झालं की सुटत नाही म्हणतात."
"तसं काही नसतं हो. आणि उशीर केलात तर डोळे, किडनी, सगळ्यावर परिणाम होतो."
"माझ्या भावाने घेतलं होतं. त्याचं काय झालं ते मी बघितलंय, सिस्टर."
"त्यांनी उशिरा सुरू केलं असेल, म्हणून तसं झालं."
"बरं. बघतो."

हे 'बघतो' आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. फाइलमध्ये आपण लिहितो: समुपदेशन केले, रुग्णाला समजले. प्रत्यक्षात काकांनी सभ्यपणे दार लोटून घेतलेलं असतं. या संवादात परिचारिकेने दिलेली एकही माहिती चुकीची नाही, सूर तुटक नाही, हेतू तर चांगलाच आहे. तरीही भावाचा विषय निघाल्या निघाल्या तिने त्याचं उत्तर देऊन टाकलं. तिथे एक मेलेला भाऊ होता, आणि आपण त्याच्या मरणाचं कारण दुरुस्त करून सांगितलं.

आता तेच काका.

"इन्सुलिनचं नाव निघालं आणि तुम्ही गप्प झालात."
"गप्प नाही होणार तर काय. भावाने घेतलं माझ्या. दोन वर्षांत गेला."
"इन्सुलिन म्हटलं की तुम्हाला भावाचं शेवटचं आजारपण दिसतं."
"सुई बघितली की तेच आठवतं. ...तसं असंही चालायचं नाही, कळतंय मला. रात्री चार-चारदा उठावं लागतं."
"झोप राहिली नाही. आणि हे असंच रेटता येणार नाही, हे तुम्हाला जाणवायला लागलंय."
"परवा गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधुक झालं एकदम. नात होती मागे."
"आणि तेव्हा पोटात गोळा आला तो तिच्यासाठी."
"हो ना. ...भावानेही म्हणा उशीरच केला होता. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते त्याला."

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पहिल्या संवादात परिचारिकेने जे सांगितलं आणि जे काकांनी झिडकारलं, तेच इथे काका स्वतः म्हणताहेत. माहिती तीच, तोंड वेगळं. आणि दुसऱ्या संवादात परिचारिकेने एकही प्रश्न विचारलेला नाही. (गाडीची गोष्ट मात्र ऐकून सोडून देता येत नाही. ती त्याच भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालावी लागते, आणि साखर आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवण्याबद्दल काकांशी स्पष्ट बोलावं लागतं. एमआय करताना सुरक्षिततेची जबाबदारी कुठेही जात नाही.)

म्हणून माझा सल्ला असा: पहिले दोन महिने चौकडीतलं एकच शिका, रिफ्लेक्शन. रिफ्लेक्शन म्हणजे समोरचा काय म्हणतोय याचा आपला अंदाज, विधानाच्या रूपात मांडलेला. विधान हा शब्द महत्त्वाचा आहे. मराठीत आपली सवय अशी की वाक्य नीट बांधतो आणि शेवटी 'का?' किंवा 'ना?' जोडून त्याचा प्रश्न करतो. "तुम्हाला सुईची भीती वाटते का?" याला उत्तर हो किंवा नाही, आणि चेंडू परत आपल्याकडे. "सुईची भीती वाटते." असं म्हणून शेवटी आवाज खाली टेकवला आणि गप्प बसलं, की माणूस पुढे बोलतो. "भीती नाही हो, लाज वाटते. जेवायच्या आधी सगळ्यांसमोर पोटात टोचून घ्यायचं..." म्हणजे अंदाज चुकला तरी तोटा झाला नाही, उलट खरी गोष्ट बाहेर आली. नवे लोक चुकायला घाबरतात आणि म्हणून 'का?' जोडतात. बिनधास्त चुका. समोरचा दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करताना नेमका बोलतो.

रिफ्लेक्शनची खोली कमी-जास्त असते. ऐकलेलंच थोड्या वेगळ्या शब्दांत परत देणं ही पहिली पायरी. तिचा अतिरेक झाला की पोपटपंची वाटते आणि रुग्ण वैतागतो. दुसरी पायरी म्हणजे न बोललेलं बोलून दाखवणं, किंवा त्याचं पुढचं वाक्य आपण पूर्ण करणं. "पोटात गोळा आला तो तिच्यासाठी" हे काका म्हणाले नव्हते, पण 'नात होती मागे' या तीन शब्दांत ते होतं. भावना बोलून दाखवताना मात्र मापात थोडं कमीच घ्यावं. कुणी चिडलेलं असताना "फार संताप झालाय तुमचा" म्हटलं की तो म्हणतो, "नाही हो, संताप वगैरे काही नाही," आणि तिथून मागे फिरतो. "थोडं खटकलंय तुम्हाला" म्हटलं तर, "थोडं? अहो..." असं म्हणून तोच पुढे जातो.

एक छोटा शब्द जपून वापरा: 'पण'. "तुम्हाला दारू सोडायचीय, पण मित्र भेटले की राहवत नाही." हे वाक्य अचूक असलं तरी रुग्ण त्याच्या शेवटावरच बोलणार, म्हणजे मित्रांवर. "मित्र भेटले की राहवत नाही, आणि तरीही सोडायचं हे डोक्यातून जात नाही." दोन्ही बाजू आल्या, कुठलीही खोडली गेली नाही, आणि शेवट बदलाकडे झाला. दोन मनं दाखवायची तर जोडायला 'आणि' घ्यावं आणि बदलाची बाजू शेवटी ठेवावी. ही सवय लागायला मला स्वतःला वर्ष गेलं.

रिफ्लेक्शन हातात आलं की दुसरी गोष्ट कानाची. रुग्णाच्या बोलण्यात बदलाच्या बाजूचे शब्द येतात तेव्हा ते टिपता आले पाहिजेत. इंग्रजीत याला 'चेंज टॉक' म्हणतात, आणि आहे तसंच राहू देण्याच्या बाजूच्या बोलण्याला 'सस्टेन टॉक'. मराठीत हे ऐकणं त्या मानाने सोपं, कारण बरंचसं क्रियापदाच्या शेपटीत असतं. 'सिगारेट सोडायचीय' ही इच्छा. 'सोडता येईल' ही क्षमता. 'सोडली तर खोकला तरी जाईल' हे कारण. 'सोडायलाच पाहिजे' ही गरज. हे चारही बोल तयारीचे. माणूस तिकडे तोंड करून उभा आहे, अजून निघालेला नाही. 'माझी तयारी आहे', 'सोडणार', 'उद्यापासून बंद' इथे तो निघाला. 'आज पाकीट घेतलंच नाही' इथे पाऊल पडलं. 'सोडून बघतो' हे तयारी आणि निघणं यांच्या मधलं आहे, त्याच्यावर लगेच योजना उभारू नये.

'पाहिजे' फसवं असतं, कारण ते पुष्कळदा आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं असतं. तिथे खूश होऊन थांबू नका. "पाहिजे म्हणालात, ते कशावरून वाटायला लागलं?" असं विचारा. खरं असेल तर त्याच्यामागे प्रसंग निघतो: जिन्यावर लागलेला दम, मुलीने लपवलेलं लायटर. नुसतं तोंडदेखलं असेल तर तेही कळतं, आणि मग आपण अजून माणसाशी जुळलेलो नाही एवढं समजून मागे यायचं.

सस्टेन टॉक ऐकू आलं म्हणून रुग्णाला 'आडमुठा' ठरवू नये. ती दुविधेची दुसरी बाजू असते, तिच्यात आजार नाही. जुन्या काळात याला सरसकट 'रेझिस्टन्स' म्हणत. पुढे मिलर आणि त्यांचे सहलेखक रॉलनिक यांनी हा शब्द सोडला आणि दोन गोष्टी वेगळ्या केल्या. 'मला सिगारेटने मोकळं वाटतं' हे सिगारेटबद्दलचं बोलणं आहे. 'तुम्हाला काय कळणार, तुम्ही कधी ओढली आहे का' हे आपल्या दोघांच्या नात्याबद्दलचं आहे. पहिलं ऐकून, समजून पुढे जाता येतं. दुसरं आलं की सिगारेटचा विषय थांबवून नातं सावरावं लागतं: "मी घाईने बोलले. तुमचं आधी ऐकायला हवं होतं."

प्रश्नांचं काम आहेच, पण थोड्या, निवडक प्रश्नांचं. मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न आकड्यांचा. "शून्य ते दहामध्ये, इन्सुलिन सुरू करणं तुम्हाला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं?" समजा उत्तर आलं चार. आपलं तोंड म्हणतं, "चारच का? आठ का नाही?" आणि रुग्ण न बदलण्याची चार कारणं देतो. विचारायचं असं: "चार म्हणालात. एक किंवा दोन म्हणाला नाहीत. कशामुळे?" आता उत्तर देताना त्याला बदलाच्या बाजूनेच बोलावं लागतं. मग हाच प्रश्न आत्मविश्वासाबद्दल विचारावा, कारण महत्त्व नऊ आणि खात्री दोन असलेला माणूस आणि महत्त्व दोन आणि खात्री नऊ असलेला माणूस यांना वेगवेगळी मदत लागते. पहिल्याला महत्त्व पटवत बसलात तर त्याला आणखी हरल्यासारखं वाटेल.

माहिती द्यायचीच नाही, असा गैरसमज कार्यशाळेतून पुष्कळ जण घेऊन येतात. आरोग्यसेवेत माहिती द्यावीच लागते. फक्त तिच्या आधी आणि नंतर रुग्णाची पाळी ठेवायची. आधी: "इन्सुलिनबद्दल तुम्ही काय काय ऐकलंय?" त्याला निम्मं माहीत असतं, तेवढा आपला वेळ वाचतो. मग परवानगी: "यात एक गोष्ट घालू का?" मग एकच गोष्ट, दोन वाक्यांत. आणि लगेच: "हे तुमच्या बाबतीत कसं वाटतं?" परवानगी मागणं हा शिष्टाचार म्हणून मी सांगत नाही. 'हो, सांगा' म्हणणारा माणूस ऐकायला तयार झालेला असतो.

दाद देण्याबद्दल एवढंच: 'शाबास', 'छान' यांत आपण परीक्षक होतो. "दोनदा सुटून पुन्हा सुरू झाली, तरी आज स्वतःहून आलात" यात त्याने केलेली गोष्ट त्याच्याच समोर ठेवलेली असते.

या सगळ्याची चौकट म्हणून चार कामं सांगितली जातात: माणसाशी जुळणं, बोलण्याचा रोख ठरवणं, त्याची कारणं त्याच्या तोंडून बाहेर आणणं आणि शेवटी आखणी. जुळलं नसेल तर पुढचं काही होत नाही, आणि चौथ्यावर उडी मारण्याचा मोह सगळ्यांना होतो. नव्यांच्या बहुतेक फसलेल्या भेटी मला 'लवकर आखणी' या एकाच सदरात टाकता येतात.

आता शिकण्याचा भाग. ही पद्धत जन्मली कशी ते माहीत असलं की शिकायचं कसं हेही उमगतं. १९८२ साली मिलर नॉर्वेत बर्गेनजवळच्या येलेस्ताद या व्यसनोपचार केंद्रात गेले होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ अवघड रुग्णांची भूमिका करायचे आणि मिलर यांना मुलाखत घ्यायला लावायचे. मध्येच थांबवून विचारायचे: आत्ता हाच प्रश्न का विचारलात? दुसरं काय म्हणता आलं असतं? त्याच्या बोलण्यातलं हेच वाक्य का उचललंत? उत्तरं देता देता, आपण नकळत काही नियम पाळतो आहोत हे मिलर यांच्या लक्षात आलं. ते त्यांनी लिहून काढले आणि १९८३ मध्ये पहिला लेख आला. पुढे वेल्समधल्या कार्डिफला काम करणारे स्टीफन रॉलनिक त्यांना भेटले. दोघांचं पुस्तक १९९१ मध्ये आलं, चौथी आवृत्ती २०२३ मध्ये.

म्हणजे हे ज्ञान कुणीतरी वाक्यावाक्याला अडवल्यामुळे हाती आलं. ते अंगात मुरतं तेही तसंच. मिलर यांनीच २००१ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर एका कार्यशाळेचा परिणाम तपासला. शिकलेल्यांनी 'आमच्यात खूप फरक पडला' असं लिहून दिलं, रेकॉर्डिंगमध्ये मात्र फरक थोडाच निघाला, रुग्णांच्या बोलण्यात बदल होण्याइतका नव्हे. २००४ मध्ये १४० व्यावसायिकांचा मोठा अभ्यास झाला. नुसत्या कार्यशाळेने वाढलेलं कौशल्य पुढे ओसरलं. ज्यांना नंतर स्वतःच्या रेकॉर्डिंगवर अभिप्राय किंवा वैयक्तिक मार्गदर्शन मिळालं त्यांचं टिकलं. तेव्हा तुमची कार्यशाळा वाया गेली असं अजिबात नाही. तुमचं प्रशिक्षण अर्ध्यावर थांबलंय, एवढंच.

पुढचं अर्ध असं करा. एक सहकारी शोधा. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बसा. एकाने आपल्या आयुष्यातली अशी गोष्ट सांगायची जिच्याबद्दल त्याची खरोखर दोन मनं आहेत: नोकरी बदलावी का, रात्री फोन बघणं कमी करावं का. रुग्णाचं सोंग घेऊ नका, खरी गोष्ट घ्या, कारण खोट्या दुविधेत रिफ्लेक्शन लागलं की चुकलं ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. ऐकणाऱ्याने पहिल्या फेरीत फक्त अंदाज करायचे: "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की..." आणि बोलणाऱ्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. एकाच वाक्याचे पाच-सहा वेगवेगळे अर्थ निघतात हे तिथे पहिल्यांदा कळतं, आणि आपण नेहमी पहिलाच धरून चाललो होतो हेही. दुसऱ्या फेरीत तेच अंदाज, 'का' काढून, आवाज खाली टेकवून. तिसऱ्या फेरीत बोलणाऱ्याने मोकळं बोलायचं आणि ऐकणाऱ्याने तीन मिनिटं एकही प्रश्न न विचारता ते चालू ठेवायचं. तीन मिनिटं फार मोठी वाटतात.

त्याच्या जोडीला महिन्याला एक खरी भेट, रुग्णाच्या लेखी परवानगीने, रेकॉर्ड करा. त्यातली दहा मिनिटं ऐका. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आपलं प्रत्येक वाक्य: प्रश्न असेल तर 'प्र', रिफ्लेक्शन असेल तर 'रि', विनापरवानगी सल्ला असेल तर 'स'. उजवीकडे रुग्णाने बदलाच्या बाजूने काही म्हटलं तर अधिक, विरुद्ध म्हटलं तर उणे. माझ्या स्वतःच्या पहिल्या कागदावर डावीकडे 'प्र'ची रांग होती आणि 'रि' दोनच. त्यातल्या एकाच्या शेवटी 'का' होता. ते बघून वाईट वाटलं, आणि पुढच्या महिन्यापासून कामाला दिशा मिळाली. या क्षेत्रात वापरली जाणारी मोजमापाची पद्धत एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन हे बरं मानते, दोन असतील तर चांगलं, आणि रिफ्लेक्शनपैकी निम्मी तरी खोल, न बोललेलं उचलणारी असावीत असं सांगते. तुम्ही आधी एकास एकपर्यंत या.

डाव्या बाजूपेक्षा उजवी बाजू जास्त शिकवते. उणे एकामागून एक आले असतील तर त्यांच्या बरोबर वरचं आपलं वाक्य बघा. तिथे बहुधा 'स' सापडेल. कार्यशाळेतल्या प्रशिक्षकांशी संपर्क असेल तर असं रेकॉर्डिंग सहा महिन्यांत तीन-चार वेळा त्यांना ऐकवा. एवढा पाठपुरावा झाला तर कौशल्य टिकतं, असा संशोधनाचा कल आहे.

दहा मिनिटांचं आता. सगळी भेट एमआयची करायला जाऊ नका. तपासणी, औषधं, नोंदी व्हायच्याच. पहिली दोन मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा. सुरुवातीला एक खुला प्रश्न आणि त्यावर दोन रिफ्लेक्शन. शेवटी दोन-तीन वाक्यांचा सारांश, ज्यात त्याने बदलाच्या बाजूने म्हटलेलं सगळं गोळा करून त्याच्यासमोर ठेवायचं आणि विचारायचं, "मग आता पुढे काय करावं असं वाटतं?" प्रोजेक्ट मॅच या अमेरिकेतल्या मोठ्या दारू-उपचार चाचणीत या पद्धतीवर बेतलेल्या चार भेटी, इतर दोन उपचारांच्या बारा-बारा भेटींच्या जवळपास तोडीच्या ठरल्या होत्या. त्यात १,७२६ जण होते आणि मुख्य निकाल १९९७ मध्ये आले. वेळ कमी आहे ही अडचण खरी आहे, पण समजावून सांगायलाही वेळ जातोच, आणि 'बघतो' म्हणून गेलेला माणूस पुढच्या महिन्यात तेच घेऊन परत येतो.

कुठे वापरू नये, हेही सांगायला हवं. जिवाला धोका असेल, आत्महत्येचा विचार बोलून दाखवला असेल, तिथे दुविधेची वाट बघत बसायचं नाही, सुरक्षिततेचं काम आधी. ज्याचा निर्णय झालेला आहे त्याला पुन्हा 'का बदलायचंय' विचारत बसू नका, सरळ आखणीला लागा. आणि ज्या निर्णयात कोणती बाजू बरोबर हे आपण ठरवणं योग्यच नाही, जसं की मूल होऊ द्यावं की नाही, नातेवाइकाला किडनी द्यावी की नाही, तिथे एका बाजूचं बोलणं वाढवणं अन्यायाचं होईल. तिथे दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे सारख्याच आस्थेने विचारावेत. फायद्या-तोट्यांचा हा तक्ता व्यसनाच्या दुविधेत मात्र मी वापरत नाही, कारण तो भरताना माणूस न बदलण्याची कारणंही तितक्याच मेहनतीने घोटतो.

रेकॉर्डिंगची परवानगी कशी मागायची, इथे बरेच जण अडतात, म्हणून माझे शब्द देते. "काका, मी नीट ऐकायला शिकते आहे. आपलं आजचं बोलणं रेकॉर्ड केलं तर नंतर मला माझ्या चुका ऐकता येतील. ते मी आणि माझ्या शिक्षिका, दोघीच ऐकू, आणि महिन्याच्या आत पुसून टाकू. नको वाटलं तर नाही म्हणा, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. मध्येच बंद करावंसं वाटलं तर हे बटण दाबा." आणि फोन त्यांच्या हाताजवळ ठेवा, बटण त्यांच्या बाजूला करून.